चारशे ऐंशी मीटर

गोळी लागली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, रेंजवरच्या सोबत्यांना तर नाहीच. अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो की नेम चुकला, गोळी वरून गेली. बोलणारा दिल्लीचा साहेब आणि पदकं मिळवलेला नेमबाज, म्हणून ती वरूनच गेली असं ठरून गेलं. पण ती रोहीच्या पोटात लागली होती, आणि लागल्याचं मला तिथल्या तिथे कळलं होतं.

रोही म्हणजे नीलगाय. आमच्या यवतमाळकडे रोहीच म्हणतात.

आता हे सांगायला बसलो, कारण पुन्हा मोहरी फुलली आहे आणि या वेळी मला संताप आवरत नाही. माझी मुलगी ऋतुजा गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहते. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून शनिवारी मी आणि माझी बायको सुनंदा तिच्याकडे मुक्कामाला जातो. सकाळी तिच्या बाल्कनीत उभं राहिलं की खाली काहीच नसतं, नुसतं धुकं, त्यातून वर आलेले शेजारचे टॉवर आणि कुठूनतरी खालून येणारे गाड्यांचे हॉर्न. अकराच्या सुमारास धुकं विरत जातं आणि दोन टॉवरांच्या फटीतून, अजून कुणी विकत न घेतलेल्या शेतांची एक पट्टी दिसायला लागते.

"बाबा, काय यलो आहे ना," ऋतुजा म्हणाली.

"पिवळंधमक," मी म्हणालो.

"धमक? ही काय धमकी आहे का?" ती हसली. दिल्लीत वाढलेली पोरगी, तिच्याकडे असे शब्द उरले नाहीत. मीही हसलो. मला मात्र त्या पट्टीकडे फार वेळ बघवत नव्हतं, म्हणून आत येऊन बसलो. आत जावई फोनवर काहीतरी बघत होता.

निखिल चांगला मुलगा आहे. सासऱ्याशी बोलायला विषय हवा म्हणून तो मुद्दाम माझ्या आवडीचं काहीतरी शोधून ठेवतो. "बाबा, तुम्ही शूटर होता ना, हे बघा," म्हणत त्याने फोन पुढे केला. परदेशातले कुठलेतरी डोंगर. एक माणूस गवतावर पालथा पडलेला, पुढे लांबलचक रायफल, तिच्यावर मनगटाएवढी जाड दुर्बीण. समोरच्या डोंगरावर एक ठिपका, त्या ठिपक्याला शिंगं. माणूस दुर्बिणीवरच्या चकत्या फिरवतो, श्वास सोडतो, बार उडतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग ठिपका कोसळतो आणि मित्र त्या माणसाच्या पाठीवर थापा मारतात.

"अकराशे मीटर, बाबा. एका गोळीत. स्किल बघा यार."

"तो तिथे किती वेळाने पोचला?" मी विचारलं.

"कुठे?"

"जनावराजवळ."

"ते नाही दाखवलं. डायरेक्ट फोटोच आहे शेवटी." निखिलने फोन मागे घेतला. "चालणं काय दाखवणार, बोअर होतं ना."

न बोलण्याची मला सवय आहे. मनात मात्र मी त्या फोनमधल्या माणसाशी भांडायला लागलो. चालणं बोअर होतं. आणि पाठ थोपटण्यासारखं काय केलंस रे बाबा तू? अकराशे मीटरवरची गोळी पोचायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दीड सेकंदात जनावर मान वळवतं, पाऊल टाकतं, पिलाकडे सरकतं. तू चाप ओढलास तेव्हा ते जिथे होतं तिथे गोळी पाठवलीस. ते तिथेच उभं राहिलं ही त्याची चूक. याला तुम्ही कौशल्य म्हणता? आणि अशा ज्या दहा गोळ्यांना ते उभं राहिलं नाही, त्यांचे व्हिडिओ कुठे आहेत? पोटात, जबड्यात, मागच्या पायात गोळी घेऊन डोंगराच्या पलीकडे गेलेल्यांचे फोटो कोण काढतं?

एवढा राग मला परक्या देशातल्या परक्या माणसाचा यायचं कारण नव्हतं. त्याला दुर्बिणीतून बघताना मी स्वतःलाच बघत होतो.

खरं तर दूरचा नेम ही सुंदर गोष्ट आहे. हे मी नाकारणार नाही. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली, आणि दिल्लीला नोकरी लागल्यावर पुढची सोळा वर्षं माझ्या सुट्टीच्या सकाळी रेंजवर गेल्या. पोट जमिनीला टेकवून पडायचं. डावं कोपर बंदुकीखाली. श्वास अर्धा सोडायचा आणि तिथेच अडवायचा. दुर्बिणीतली रेघ आपल्या हृदयाच्या ठोक्यासरशी हलकेच उडते. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप सुटला पाहिजे, आपण ओढला असं वाटता कामा नये. तेलाचा वास, जळलेल्या दारूचा वास, पाठीवर हिवाळ्याचं ऊन. ऑफिसातल्या फायली, बदल्यांच्या अफवा, कोण कुणाचा माणूस, सगळं त्या अर्ध्या श्वासात विरघळायचं. आयुष्यात इतका शांत मी दुसरीकडे कुठे झालो नाही.

पण रेंजवर समोर कागद असतो. कागद चालत नाही. मधल्या वर्तुळाच्या दोन इंच बाहेर गोळी गेली तर पाटीवर आठ गुण पडतात आणि माणूस चहा प्यायला जातो. जिवंत जनावराच्या बाबतीत आठ गुण म्हणजे काय, याचा विचार मी सोळा वर्षांत एकदाही केला नव्हता.

त्या हिवाळ्यात गुरुग्रामच्या पलीकडे, अरावलीच्या पायथ्याच्या गावांत रोह्यांनी उच्छाद मांडला होता. वीस-पंचवीसचा कळप पहाटे उतरायचा आणि उजाडेपर्यंत मोहरीचं शेत चटईसारखं लोळवून जायचा. शेतकऱ्यांचा राग खरा होता. थंडीत मचाणावर बसून, डबे वाजवून माणसं खंगली होती. अर्ज-विनंत्या होऊन शेवटी काही जनावरं मारायचा परवाना निघाला. पण गावात मारायला कुणी तयार होईना. नावात गाय आहे. चौधरी, म्हणजे तिथला माजी सरपंच, मला फोनवर स्पष्टच म्हणाला, "साब, म्हारे हाथ से ना होवै. आप बाहर के हो, आपने कोई दोस कोन्या."

म्हणजे पाप बाहेरच्याने करावं आणि मोहरी आमची वाचावी. त्या वाक्याचा मला तेव्हाच राग यायला हवा होता. आला नाही. मला आनंद झाला. सोळा वर्षं कागदाला भोकं पाडणाऱ्याला कुणीतरी खऱ्या कामासाठी बोलावत होतं. परवान्यावर माझं नाव लागलं आणि मी तीन दिवसांची रजा टाकली.

पोचलो तेव्हा चौधरीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं हुक्क्याभोवती बसली होती. त्याने माझी ओळख करून दिली. "ये दिल्ली से बड़े अफसर सैं. मराठा सैं. लड़ाकू कौम सै इनकी." लोकांनी माना डोलावल्या. इकडे उत्तरेत महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस मराठाच असतो. मी मराठा नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं, वर्षभर. घरात ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली गेली की ते वर्ष मी स्वतः जगल्यासारखं वाटतं. त्या ओट्यावर मी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही, मी मराठा नाही. मी चहाचा पेला घेतला आणि गप्प राहिलो. किती सोपं होतं ते. पहिलं गप्प राहणं जमलं की पुढचं गळ्यात अडकत नाही.

रामफल मला तिथेच भेटला. ओट्याच्या खाली, वेगळा, एका विटेवर बसलेला. साठीचा, काटक, अंगावर जुन्या लष्करी रंगाचा स्वेटर, हातात काठी. चौधरीच्या शेतांची राखण त्याच्याकडे होती आणि कळप कुठे उतरणार हे सांगणारा पंचक्रोशीत तोच एक. शेणावरून वेळ सांगायचा, खुरावरून नर की मादी ते. लोक त्याच्या शब्दावर रात्रीची राखण ठरवायचे. रामफल म्हणाला आज येणार नाहीत, तर गाव झोपायचं.

पहिल्या दिवशी त्याने मला मोहरीच्या बांधावर बसवलं. धुकं इतकं की बंदुकीच्या नळीचं टोक ओलं होऊन टपकत होतं. मोहरीला एक तिखट, हिरवा वास असतो, नाकाच्या मुळाशी झोंबणारा. तो आला की मला अजूनही आधी रामफलचं कुजबुजणं आठवतं. "ना साब. इब ना. आण दे." तो येऊ दे, येऊ दे म्हणत राहिला. सत्तर-ऐंशी पावलांवर धुक्यातून करड्या-निळ्या रंगाचं एक प्रचंड धूड उभं राहिलं तेव्हा त्याने माझ्या पाठीला बोट लावलं. बार झाला आणि रोही जागच्या जागी बसला. तासाभराने दुसरा, तोही तसाच.

दोन्ही वेळा रामफलने एकच केलं. बार झाल्यावर कुणालाही बोलू न देता तो चालत निघाला. जनावर समोर पडलेलं दिसत असतानाही तो आधी ते जिथे उभं होतं तिथे गेला, वाकला, जमीन बघितली, मोहरीचं एक ताट मोडून खूण केली, मग पुढे पडलेल्याजवळ गेला, डोळ्याला काठीचं टोक लावून पाहिलं, आणि तिथून हात वर केला. मगच आम्ही बोलायचं.

"पडलेलं दिसतंय की," मी पहिल्यांदा म्हणालो होतो, हिंदीत.

"दीखै तो सै साब. देख आऊँ, फेर बात करेंगे."

नेम धरायची सगळी विद्या मला येत होती. बार झाल्यानंतर काय करायचं ते त्या माणसाकडे होतं, आणि मला वाटलं ही गावाकडची एक गमतीची रीत आहे.

मग दोर आला. चौधरीच्या माणसांनी ट्रॅक्टर शेताच्या कडेला उभा केला, आणि जनावराच्या पायांना दोर बांधायला, ओढायला, खड्ड्यात लोटायला रामफलला आणि त्याच्या भावकीतल्या दोघांना हाक गेली. बाकीचे लांब उभे. कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ते काम कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तो दोर मी ओळखला. आजोबांनी टाकून दिलेला दोर होता तो. माझ्यासमोर माझ्या गोळीने पडलेलं जनावर दुसरा माणूस ओढत होता, आणि मी लांब उभ्या राहिलेल्यांच्यात उभा होतो. मनात म्हटलं, आपल्या आजोबांनी शपथ घेतली होती, मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. आजोबांची ती शपथ मी माझे हात स्वच्छ ठेवायला वापरली. आजोबा हे बघते तर माझ्या थोबाडीत देते.

दुसऱ्या दिवशी कळप आलाच नाही. दुपारी चौधरीच्या अंगणात उन्हात खाटा टाकल्या होत्या. मक्याची भाकरी, मोहरीच्या पाल्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. जेवण चांगलं, ऊन चांगलं, ऐकणारे भरपूर. मी बोलायला लागलो. मी, जो ऑफिसात दिवसाला पन्नास शब्द बोलत नाही. वारा कसा वाचायचा, गोळी पाचशे मीटरवर माणसाच्या उंचीएवढी खाली कशी उतरते, हलक्या वाऱ्यानेही वीत-दीड वीत कशी सरकते, चकतीचे किती खटके फिरवायचे. बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवलेली माझी आकड्यांची चिठ्ठी दाखवली. "पाँच सौ मीटर पर खाने की थाली रख दो," मी म्हणालो, "एक गोली."

"सुण्या रे रामफल," चौधरी म्हणाला. "तू तो सत्तर कदम पे बिठावै साब नै."

रामफल भिंतीशी बसून जेवत होता. "थाली भाजती कोन्या, चौधरी साब," तो म्हणाला. ताटली पळत नाही. सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं.

तिसऱ्या सकाळी धुकं लवकर उठलं. कळप होता, पण नाल्याच्या पलीकडे, उतारावर. परवाना नाल्याच्या अलीकडच्या शेतांपुरता होता. ते मला माहीत होतं, चौधरीला माहीत होतं. मी अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. चारशे ऐंशी. सगळ्यात पुढे एक मोठा नर, कोवळ्या उन्हात आडवा उभा.

"साब, थाली आगी," चौधरी हसून म्हणाला. म्हणजे ताटली आली.

रामफल माझ्याजवळ उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "ना मारो साब. बीच में नाला सै. लाग गी और गिर्या ना, तो पहुँचांगे क्यूकर?"

एवढाच प्रश्न होता. दूरच्या शिकारीवर लोक जाडजूड पुस्तकं लिहितात, कुठली रायफल, कुठली गोळी, किती अंतरापर्यंत योग्य, याच्यावर तासन्‌तास वाद घालतात. त्या सगळ्यापेक्षा रामफलचा प्रश्न मोठा आहे. पोचशील कसा? जिथे तुझे पाय वेळेत पोचणार नाहीत तिथे तुझी गोळी पाठवायचा अधिकार तुला कुणी दिला?

मी पालथा पडलो. खटके मोजले. आमच्या बाजूची मोहरी निश्चल होती, म्हणून वारा नाही असं धरलं. बार सुटता सुटता दुर्बिणीच्या कडेला पलीकडच्या उतारावरचं गवत एका बाजूला वाकलेलं दिसलं. तिथे वारा होता. धक्क्याने दुर्बीण उडाली. आणि मग, दोनेक सेकंदांनी, नाल्यावरून तो आवाज परत आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा, थप्प. दुर्बीण पुन्हा जागेवर आणली तेव्हा कळप पळत होता. तो नर मात्र पळत नव्हता. पाठीची कमान करून, मागचे पाय पोटाखाली ओढत, सावकाश चालत होता. कुठल्याही शिकाऱ्याला विचारा याचा अर्थ काय. मला कळला.

परवान्याबाहेरची गोळी. सरकारी नोकरी. पाचशे मीटरवरची ताटली. हे सगळं एका श्वासात माझ्या मनात येऊन गेलं. त्या जनावराचा विचार त्यात नव्हता.

"खाली गई," मी म्हणालो, म्हणजे गोळी फुकट गेली. "ऊपर से निकल गई."

"ना साब," रामफल उभा राहिला होता. "लागी सै. पेट में लागी सै. आवाज आया."

"रामफल, इब तू साब नै सिखावैगा?" चौधरी.

"मन्नै सुणा सै, चौधरी साब. चाल देखो उसकी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बंदुकीची नळी पुसत म्हणालो, "दूरबीन मेरे पास है या तेरे पास?"

तेरे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला. आयुष्यभर ज्या एकेरी हाकेविरुद्ध आमच्या तीन पिढ्या जगल्या, ती माझ्या तोंडातून इतकी सहज निघाली की मला ती कळलीसुद्धा नाही. लोक हसले. काठी घेऊन रामफल नाल्याकडे उतरायला लागला, एकटा. खालून एकदा वळून त्याने वर बघितलं. मला वाटतं तो माझी वाट बघत होता.

मी पराठे खाल्ले, चहा घेतला आणि दुपारच्या आत दिल्लीला निघालो.

चौथ्या दिवशी ऑफिसात चौधरीचा फोन आला. रामफलला रोही सापडला होता. दोन दिवस तो झुडपांतून रक्ताचे थेंब शोधत फिरला. तिसऱ्या सकाळी, नाल्याच्या वरच्या अंगाला एका डबक्याशी जनावर बसलेलं दिसलं. जिवंत. रामफलकडे ना बंदूक, ना परवाना. ते मरेपर्यंत तो तिथे बसून राहिला. तिथेच वनखात्याच्या माणसांनी त्याला गाठलं. हद्दीबाहेर मारलेलं जनावर, शेजारी हा.

"वो कहवै सै, आपकी गोली सै," चौधरी म्हणाला. "मन्नै कह दिया, साब नै कही खाली गई, तो खाली गई. ठीक सै ना, साब?"

समोर माझी फाईल उघडी होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास अजून आठवतो.

"हाँ," मी म्हणालो. "मेरी नहीं है."

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. रामफलला पंधरा दिवस रोज चौकशीला बोलावत होते. पुरावा काही निघाला नाही म्हणून प्रकरण मिटलं, पण चौधरीने राखण काढून घेतली. आणि गावात एक चेष्टा रूढ झाली. कुणी काही चुकीचं सांगितलं, की लोक विचारायचे, "रामफल की दूरबीन से देख्या के?" ज्याच्या शब्दावर गाव निर्धास्त झोपायचं, त्याचं आता कुणी ऐकून घेईना.

मी बंदूक विकली. घरी सांगितलं, डोळे अधू झाले. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये अजून कुणीतरी हाक मारतं, "काय नेमबाज साहेब, या, साबुदाणा वडा आहे आज." मी जातो, वडा खातो. रविवारी संध्याकाळी घरी बुद्धवंदना होते. पंचशीलातली पहिलीच ओळ प्राण्यांची हिंसा न करण्याची. तिथे माझा आवाज बसतो. सुनंदाला वाटतं, थंडीने घसा धरला. ती माझ्यासाठी हळदीचं दूध करते आणि मी ते मुकाट्याने पितो. असला हा अकरा वर्षांचा प्रामाणिकपणा.

पूर्वी मी स्वतःला सांगायचो की मला हत्येचं दुःख आहे. ते खोटं आहे. पहिले दोन रोही मी मारले आणि त्यांच्याबद्दल मला झोप न येण्यासारखं काही वाटत नाही. शेतं वाचवायची होती, जनावरं क्षणात गेली, रामफलने हात वर केला. तिसऱ्याचंही एका परीने तसंच. जो नेम धरतो त्याचा कधीतरी चुकणारच. पण चुकल्यावर नाल्यात उतरायचं असतं. त्याच्या मागे जायचं असतं, दोन दिवस लागले तर दोन दिवस, आणि ते संपवायचं असतं. मी तेवढं न करता जो करत होता त्यालाच खोटं पाडलं. निखिलच्या फोनमधल्या त्या माणसाला माझं हेच विचारणं आहे. तू किती लांबून मारलंस याचं मला काही कौतुक नाही. तू चालत गेलास का?

मागच्या रविवारी मी गेलो. निखिलला सांगितलं, जुन्या मित्राकडे जातो, आणि कॅब केली. अर्ध्या शेतांवर आता प्लॉटिंगचे खांब आहेत. रामफलचं घर विचारत विचारत सापडलं. तो उन्हात खाटेवर बसला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मी नाव सांगितलं.

"आओ साब," तो म्हणाला. "बैठो." सुनेला चहा सांगितला.

आम्ही थंडीचं बोललो. मोहरीच्या भावाचं बोललो. मग त्याने विचारलं, "बंदूक चलाओ सो इब?"

"छोड़ दी."

"क्यूँ?"

जिभेवर होतं. खरोखर होतं. "आँखें कमज़ोर हो गईं," मी म्हणालो.

रामफलने मान हलवली. "हाँ साब. आँख का तो न्यूए सै. म्हारी तो तब बी ठीक कोन्या थी, सारा गाम कहवै था."

डोळ्यांचं असंच असतं, त्याचे तर तेव्हाही ठीक नव्हते, सगळं गाव म्हणायचं. तो हसला नाही. चिडलाही नाही. त्याने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिला, बोलायला भरपूर वेळ देत. मी चहा संपवला, त्याच्या नातवाच्या हातात शंभराची नोट कोंबली, त्याने ती आजोबाकडे बघून परत केली, आणि मी कॅबमध्ये बसलो.

म्हणून हा लेख. पण यानेही काही फिटत नाही. हे मी मराठीत लिहिलं आहे, आणि रामफलला मराठी येत नाही. चौधरीला येत नाही, त्या गावात कुणालाच येत नाही. वाचणारे मला प्रामाणिक म्हणतील आणि तिकडे तो खोटाच राहील.

मी देणं लागतो ते असं. चौधरीच्या ओट्यावर, माणसं बसलेली असताना, रामफलसमोर उभं राहून मला हिंदीत सांगायचं आहे की गोळी माझी होती, हद्दीपलीकडची होती, आणि रामफल खरं बोलत होता. तेच वनखात्याला लिहून, खाली नाव, हुद्दा आणि सही करून द्यायचं आहे. निवृत्तीला पाच वर्षं आहेत. पेन्शन लागली की सांगू, असं मी अकरा वर्षं घोकत आलो. रामफल सत्तरीच्या पुढे गेला आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.